जुना पलंग नवा करताना



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा जुना पलंग असेल. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या लग्नातला. चार कातीव खूर, उशाशी कोरीव फळी, आणि अंगावर घरातल्या दर लग्नकार्याला चढविलेला एकेक रंगाचा थर. हिरव्यावर निळा, निळ्यावर तांबूस. आता त्याचे खूर डुगडुगतात, रंगाचे पोपडे सुटतात, आणि त्यावर माणसांऐवजी धान्याची पोती निजतात. दिवाळी जवळ आली की घरात बोलणे निघते, "हे धूड मोडीत घालायचे, का रंग मारून पोरांना निजायला द्यायचे?"

मला विचाराल तर मोडीत घालू नका. पण रंगाचा डबा आणून लगेच ब्रशही चालवू नका. या दोहोंच्या मध्ये जे काम आहे त्याविषयीच मला बोलायचे आहे. रंगारी म्हणतात की रंग मारणे हे शेवटचे दोन आण्यांचे काम, बाकी चौदा आणे तयारी. ते खरेच आहे. पण जुन्या पलंगाच्या बाबतीत या तयारीतच एक धोका लपलेला आहे, आणि तो लहान मुलांच्या जिवाशी निगडित आहे. त्याकडे आपण येऊच.

प्रथम पलंग अंगणात काढा आणि उलटा करा. वरून पाहून काही समजत नाही, कारण वर रंग आहे. खालच्या बाजूला, खुरांच्या आतल्या अंगाला किंवा फळीच्या पाठीमागे रंगाऱ्याने बहुधा आळस केलेला असतो, आणि तेथे मूळ लाकूड उघडे सापडते. नाही सापडले तर तळाशी नखाएवढी जागा ओली करून हलकेच खरवडा. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट स्पर्श आणि कातड्यासारखा वास असेल तर ते सागवान. काळपट जांभळे आणि उचलताना जड लागणारे शिसम. कोकणात फणसाचे लाकूड पुष्कळ. ते नवे असताना पिवळे असते आणि वयाबरोबर गडद होत जाते. फिकट, हलके आणि नख सहज रुतेल असे असेल तर आंबा किंवा खोक्यांचे लाकूड समजा.

हे पाहावयाचे कारण असे की पुढचा सारा निर्णय यावर आहे. सागवान, शिसम किंवा फणस निघाला तर त्यावर रंग चढविणे म्हणजे पैठणीला डांबर फासण्यासारखे. अशा लाकडाला पॉलिश द्यावे किंवा तेल पाजावे. साधे लाकूड असेल तर मात्र रंगच बरा. त्याने लाकूड झाकते आणि टिकतेही. आणखी एक. जुन्या पलंगातले सागवान बहुधा मोठ्या, वयस्क झाडाच्या गाभ्याचे असते. आज बाजारात सागवानी म्हणून मिळणाऱ्या मालात कोवळ्या झाडाचे, बाहेरच्या पांढऱ्या भागाचे लाकूड पुष्कळ वेळा मिसळलेले असते. वाळवी आणि किडा गाभ्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पांढऱ्या भागाला मात्र खुशाल खातात. आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे जे पलंग हल्ली विकायला असतात, ते ओल लागली की फुगतात. म्हणून म्हणतो, मोडीत घालू नका.

आता सांधे. पलंग डुगडुगतो तो लाकूड वाईट म्हणून नव्हे, तर कुसू आपल्या भोकात सैल झाला म्हणून. जुने सुतार हे सांधे सरसाने चिकटवीत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला डिंक. त्याला ऊब आणि ओल लागली की तो मऊ होतो. आता पुष्कळ घरांतली जुनी चाल आठवा. ढेकूण झाले की पलंग अंगणात काढायचा आणि सांध्यांत उकळते पाणी ओतायचे. त्याने ढेकूण मरतात हे खरे, त्यांची अंडीही मरतात. पण दर उन्हाळ्यात तेच पाणी सरसही सोडवीत आले. आपला पलंग डुगडुगण्याचे मूळ बहुधा इथे आहे!

यातून एक फायदा मात्र होतो. सांधा सुटत नसेल तर गरम पाण्याचे फडके त्यावर थोडा वेळ गुंडाळून ठेवा; सरस मऊ होईल आणि लाकडी हातोडीच्या बेताच्या ठोक्याने कुसू बाहेर येईल. आधी खिट्टी बसविली आहे का ते पाहा, नाही तर ठोकून ठोकून लाकूड चिरेल. आणि सुटे करण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे घाला. चारही खूर दिसतात सारखे, पण एकाचा कुसू दुसऱ्याच्या भोकात बसत नाही, हे पुन्हा जोडायला बसल्यावर कळते.

पलंग सुटा झालेला असतानाच ढेकणांचा निकाल लावा. उकळते पाणी भोकांत, चिरांत, कोरीव कामाच्या खाचांत सावकाश ओता. नुसते ऊन दाखवून भागत नाही, कारण ढेकूण आतल्या सावलीत सरकतात. मग सुटे भाग सावलीत, वारा लागेल असे चार-पाच दिवस वाळू द्या. कडक उन्हात ठेवलेत तर फळ्या तडकतील. आणि एक गोष्ट कळकळीची: शेतावर फवारायचे औषध पलंगावर मारू नका. ते पिकासाठी आहे. ज्या लाकडावर माणूस रात्री आठ तास नाक ठेवून निजतो, त्याला ते लावणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळण्यापलीकडचे झाले.

लाकडाला बारीक भोके असून खाली चाळलेल्या पिठासारखा भुगा पडत असेल तर तो किडा आहे. भुगा झाडून दोन-तीन आठवडे वाट पाहा. पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे. तेवढा भाग पोखरून गेला असेल तर सुताराकडून बदलून घ्यावा. थोडेच असेल तर टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला ब्रशाने पाजावी, ते वाळू द्यावे, आणि मगच वरचे काम करावे. रंगावरून हे पाणी आत शिरत नाही. ही पूड आणि उरलेले पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सांधे पुन्हा जोडताना जुना सरस पटाशीने खरवडून काढा. त्यावर आजचा पांढरा डिंक धरत नाही. कुसू सैल असेल तर त्याच्या अंगाला त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवा, ती सुकली की घासून बेताची करा. कागदाच्या घड्या किंवा भुसा-डिंकाचा लगदा कोंबू नका. चार महिन्यांत पुन्हा हलू लागेल. शिकंजा नसेल तर सुंभाची दोरी चौकटीभोवती गुंडाळून तिच्यात काठी घालावी आणि पीळ द्यावा. शिकंज्याइतकेच घट्ट बसते. चौकट काटकोनात आहे ना, हे पाहायला दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे आले म्हणजे झाले. शिक्षकांनी वर्गात सांगितलेल्या भूमितीचा इतका रोकडा उपयोग क्वचितच होतो.

आता त्या धोक्याकडे येऊ.

जुना रंग काढायचा म्हटले की आपण काय करतो? ओसरीत बसतो, काचकागद घेतो आणि खसाखसा घासतो. रंगीत धूळ उडते, पोरे भोवती खेळत असतात, संध्याकाळी घरधनीण ती धूळ झाडून काढते. मीही पूर्वी हेच केले आहे. पुढे कळले की त्या धुळीत शिसे असू शकते.

तैलरंगात शिशाची संयुगे घालण्याची रीत फार जुनी. रंग लवकर वाळावा, चकाकावा, टिकावा आणि ठसठशीत दिसावा म्हणून ती घालीत. शिशाचा सफेदा पांढरा, शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मासारखी तांबडी पूड, आणि पिवळा-नारिंगी रंग देणारे शिशाचे क्रोमेट. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याचे बंधन आले ते अगदी अलीकडे. २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला घरगुती रंग बनविण्यास व विकण्यास मनाई झाली. तेव्हा त्यापूर्वी लागलेल्या कोणत्याही तैलरंगात शिसे आहे असेच धरून चालावे. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. (जाता जाता: आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. मुलाने पेन्सिल चावली म्हणून शिक्षकांनी घाबरून जाऊ नये. पलंगाची किंवा पाळण्याची रंगवलेली कड चावली तर मात्र काळजी करावी.)

शिसे पोटात गेले की ते हाडांत साठते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात ते अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर होतो. मूल आजारी दिसत नाही, ताप येत नाही. फक्त त्याचे लक्ष लागत नाही, समज मंदावते, आणि घरचे व शाळेतले त्याला "ढ" म्हणून मोकळे होतात. रक्त तपासल्याखेरीज हे कळत नाही. किती शिसे निर्धोक, तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की निर्धोक असे प्रमाणच माहीत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंतही जाते.

म्हणून पहिला प्रश्न असा करा: हा रंग काढायलाच हवा का? तो लाकडाला घट्ट धरून असेल, पोपडे नसतील, तर काढू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, पाणकागदाने ओला ठेवूनच वरची चकाकी मारा, आणि वर नवा बिनशिशाचा रंग द्या. जुने शिसे आत बंद राहील. सर्वांत कमी कष्टाचा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग हाच. मात्र मूल जी कड चावते किंवा जेथे घासाघीस होते, तेथे हा वरचा रंग झिजतो. तेवढी जागा वर्षातून एकदा पाहत जा.

काढणे भागच असेल, म्हणजे पोपडे सुटले असतील किंवा खाली चांगले सागवान असेल, तर कोरडे घासू नका आणि जाळूनही काढू नका. बत्तीच्या ज्योतीने रंग भाजला की शिशाचा धूर होतो आणि तो सरळ छातीत जातो. पलंग घरापासून आणि विहिरीपासून लांब न्या. खाली प्लास्टिकचा मोठा कागद पसरा. मुले, गरोदर बाया आणि कोंबड्या-वासरे सुद्धा लांब ठेवा. पृष्ठभाग सतत ओला ठेवून पत्र्याच्या खरवडणीने रंग काढा. रंग काढायचे तयार रसायन मिळते, तेही चालेल. पण त्याची वाफ वाईट, म्हणून ते उघड्यावरच वापरावे आणि हातात रबरी मोजे घालावेत. कॉस्टिक सोडा पुष्कळजण सुचवितात. त्याने रंग निघतो खरा, पण सागवान काळे पडते आणि हाताची कातडीही निघते. नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही; औषधाच्या दुकानात एन-९५ मुखपट्टी मिळते, ती घ्या.

काम झाले की झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या, खरवड प्लास्टिकच्या कागदासकट गुंडाळून पिशवीत बांधा. ती उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत शेतात जाते. शहरात घरगुती धोकादायक कचरा वेगळा घेतात, तेथे पाठविता आली तर उत्तम. अंगावरचे कपडे वेगळे धुवा, आणि मुलाला उचलून घेण्यापूर्वी आंघोळ करा.

याच्याच जोडीला एक सांगतो, कारण हे खेड्यापाड्यांत रोज घडते. जुन्या रंगवलेल्या खिडक्या, मोडके दरवाजे, पलंगाच्या तुटक्या पट्ट्या आपण चुलीत किंवा पाण्याच्या बंबात घालतो. रंगासकट. धूर घरात, आणि राख भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला. हे अगदी बंद करावे.

असो. लाकूड आता उघडे झाले. सागवान निघाले असेल तर स्पिरिट पॉलिशची तयारी करू. यातली मुख्य वस्तू म्हणजे चपडी लाख. ही लाख आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला पळसावर, बोरीवर, कोशिंबावर पोसली जाते. फांदीला चिकटून राहणारा बारीक किडा स्वतःभोवती हे कवच करतो. तिच्यावर संशोधन करण्यासाठी रांचीजवळ नामकूमला १९२४ साली संस्था स्थापन झाली, इतके तिचे मोल.

एक लिटर स्पिरिटात साधारण १५० ते २०० ग्रॅम चपडी घालून रात्रभर ठेवावी. बाटली काचेची घ्या; लोखंडाच्या डब्यात ती काळी पडते. सकाळी फडक्यातून गाळा. एका वेळी लागेल तेवढीच करा, कारण महिनोन् महिने ठेवलेले पॉलिश लाकडावर सुकत नाही, चिकट राहते. तोवर लाकूड १२०, मग १८०, मग २२० नंबरच्या काचकागदाने रेषेच्या दिशेने घासा. आडवे घासलेले ओरखडे पॉलिशखाली दुप्पट दिसतात. छिद्रे बुजवायला खडूची पूड, गेरू आणि पिवळी माती लाकडाच्या रंगाला मिळेल अशी कालवून चोळा, आणि सुकल्यावर जादा पुसून काढा.

मग कापसाचा बोळा मऊ सुती फडक्यात बांधा, आत पॉलिश मुरू द्या, आणि हलक्या हाताने फिरवा. बोळा लाकडावर थांबवायचा नाही. थांबला की चिकटला, आणि खालचे सारे ओरबाडून आले. प्रत्येक थर अगदी पातळ. पहिले चार-पाच थर झाले की रात्रभर थांबा, जुन्या काचकागदाने नुसते कुरवाळा, पुन्हा चार-पाच थर द्या. बोळा ओढू लागला तर त्याला तेलाचे एक बोट लावा. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ चूल नको आणि बिडीही नको.

हे काम पावसाळ्यात काढू नका. हवेत ओल असली की पॉलिश पांढुरके पडते आणि मग आपण लाखेला दोष देतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. या पॉलिशला गरम पेला आणि सांडलेले पाणी सोसत नाही हेही जाणून असा. उशाच्या फळीवर तांब्या ठेवायची सवय असेल तर तेथे वर्तुळे उठणार. पण त्याचा गुण असा की डाग पडला तर त्याच बोळ्याने दुरुस्त होतो, सारे खरवडावे लागत नाही.

इतकी खटपट नको असेल तर जवसाचे तेल. दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळते ते. त्यात तितकेच टर्पेंटाइन घालून लाकडाला पाजा, वीस मिनिटांनी जे वर राहील ते पुसून काढा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन हात पुरेत. पण पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका! जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. फडक्यांच्या ढिगात ती ऊब कोंडते आणि काडी न लावता आग लागते. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रंगच द्यायचा असेल तर त्याचे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. आधी लाकडाचा प्रायमर, मग खड्ड्यांत लांबी, मग घासणे, पुन्हा प्रायमरचा हात, आणि वर रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. लोक आधी लांबी भरतात आणि मग प्रायमर देतात. अशा लांबीतले तेल कोरडे लाकूड पिऊन टाकते आणि ती सुटते. सागवानाला रंग द्यायचाच असला तर ते आधी थिनरच्या फडक्याने पुसा, कारण त्याच्या अंगचे तेल रंगाला धरू देत नाही. डबा घेताना त्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचे छापले आहे का ते वाचा. सुटा रंग, किंवा माळ्यावर पडलेला जुना डबा, फुकट मिळाला तरी घेऊ नका. पाळण्याला तर मुळीच नको. आणि शिक्षक मंडळींनी शाळेतली रंगवलेली बाके आणि कपाटे सुट्टीत मुलांकडून घासून घेण्याचे श्रमदान योजू नये. काम चांगले, पण ते या हातांचे नव्हे.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून वाळायला वेळ घेतो. आठ-दहा दिवस पलंग ओसरीवर राहू द्या, वास गेला की आत घ्या आणि नवार किंवा फळ्या घाला. गादी टाकण्यापूर्वी खालच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणत्या साली काम केले, जुना रंग काढला की आत ठेवूनच वर नवा दिला, आणि वर काय लावले. पुढे कोणी हा पलंग उलटा करून पाहील, त्याला खरवडून बघावे लागणार नाही.